लाटाबाई आणि कोपरातला गाळ

लाटाबाई नेमकं काय काम करतात, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांच्या नवऱ्याला कुणाला धड सांगता येत नसे. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. काचा बसवून होईपर्यंत गिऱ्हाईक गप्पा मारत बसायचं आणि हमखास विचारायचं, "वहिनी कुठे असतात कामाला?"

"प्रयोगशाळेत. लाटा लाटतात."

गिऱ्हाईक हसायचं, तोही हसायचा, आणि विषय तिथेच मिटायचा. घरी आल्यावर हाच विनोद तो बायकोलाही ऐकवायचा. बाई दर वेळी तेच उत्तर द्यायच्या, "लाटते खरी, पण एकही गोल होत नाही."

लाटाबाई हे नाव मात्र दुकानात पडलेलं नव्हतं. ते प्रयोगशाळेतल्या मिस्त्रींनी ठेवलं होतं. शहराच्या कडेला पत्र्याची एक भलीमोठी शेड होती आणि शेडमध्ये शाळेच्या मैदानाएवढा उथळ हौद. कुठे नवं बंदर बांधायचं असलं की मिस्त्री आधी तो सगळा किनारा सिमेंट आणि वाळूत इथे उभा करायचे. खडक, धक्का, दीपगृह, सगळं गुडघ्याएवढं. हौदाच्या एका टोकाला लोखंडी फळी होती. मोटर सुरू केली की फळी मागेपुढे डोलायची आणि तिच्यापासून लाट निघून त्या बुटक्या बंदरावर जाऊन आपटायची. धक्का कुठे तुटेल, बोटी कुठे सुखरूप राहतील, ते खरं बांधण्याआधी इथे कळायचं.

नव्यानं लागलेली इंजिनीअर पोरगी पहिल्याच दिवशी विजार दुमडून सरळ त्या हौदात उतरली आणि लाट नडगीवर कुठे बसते ते बघत बराच वेळ उभी राहिली. काठावरचे साहेब लोक बघतच राहिले. मिस्त्री म्हणाले, "या बाई लाटा मोजायला आलेल्या दिसत नाहीत. ओळख करून घ्यायला आल्यात." तेव्हापासून त्या लाटाबाई. पुढे केस पिकले, हाताखाली माणसं आली, नाव तेच राहिलं.

पुढे सगळी गणितं कॉम्प्युटरवर होऊ लागली. एकेक हौद बुजवला गेला. शेवटचा एक तेवढा उरला आणि त्याच्याबरोबर मिस्त्री उरले. लाटाबाई वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेल्या, जिथे लाटा पडद्यावर रंगीत पट्ट्यांसारख्या दिसायच्या आणि पाय कोरडे राहायचे. याचं त्यांना थोडं वाईट वाटायचं, पण कामाची गोडी कमी झाली नाही.

त्यांचं माहेर समुद्राकाठचं. डोंगरातून येणारी नदी जिथे समुद्राला मिळायची, त्या खाडीच्या तोंडाशी त्यांचं घर होतं. आई गेली तेव्हा त्या शाळेत होत्या आणि ताई लग्नाची. ताईनं लग्न ठरवताना एकच अट घातली, "धाकटी माझ्याबरोबर येईल." भाऊजी अजूनही सांगायचे, "नवरी घरात आली आणि तिच्या मागोमाग दप्तर घेऊन मेहुणी आली. मला वाटलं, अभ्यास करायला आलीये, संध्याकाळी जाईल." ती पार कॉलेजला जाईपर्यंत राहिली. ताईनं तिची वेणी घातली, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, गणितात पहिली आल्यावर गल्लीभर सांगत फिरली. त्यामुळे ताई ही नावाला बहीण होती. लाटाबाईंच्या मनात तिची जागा वेगळीच होती.

ताई-भाऊजींची त्याच खाडीत शिंपल्यांची शेती होती. समुद्राला मिळण्याआधी खाडी एक झोकदार वळण घेते. त्या वळणाच्या आत, वाळूच्या लांबट दांड्याच्या आडोशाला, पाणी अगदी संथ असतं. दुमडलेल्या हातासारखा आकार, म्हणून सगळे त्या जागेला कोपर म्हणत. तिथे ताईचे मांडव होते. पाण्यात रोवलेले खांब, त्यांवर आडवे वासे, वाशांना लोंबणारे दोर आणि दोरांना घोसानं लगडलेले शिंपले. कोपरात वादळसुद्धा दबकत यायचं. खाडीतली सगळ्यांत चांगली जागा ताईकडे आहे, हे शेजारीपाजारी थोड्या हेव्यानं बोलून दाखवायचे.

मग वर डोंगरात बांध खचला.

तिथे खनिज धुण्याचा एक जुना, बंद पडलेला कारखाना होता. त्याच्यामागे उरलेल्या चिखलाचं तळं होतं आणि त्या चिखलात किरणोत्सारी धातूचे बारीक कण होते. तळ्याचा मातीचा बांध एका बाजूनं बसला आणि चिखल ओढ्यात उतरला, ओढ्यातून नदीत. नदी राखी रंगाची झाली. आठवड्याच्या आत खाडीत बंदीचा हुकूम आला. मासे धरायचे नाहीत, शिंपले काढायचे नाहीत, पाण्यात उतरायचंसुद्धा नाही. किती दिवस, ते कुणालाच माहीत नव्हतं. लोक पाण्याकडे पाठ करून बसू लागले.

संचालकांनी लाटाबाईंना बोलावलं. ते शांत, सावध गृहस्थ होते; वाक्य बोलण्याआधी ते मनात एकदा घोळवून बघायचे. "नदी हा तुमचा विषय नाही, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण हे विष कुठे जाणार, कुठे बसणार आणि किती दिवस राहणार, हे कुणीतरी काढायला हवं. आणि नदी शेवटी समुद्रालाच येते."

"समुद्राला नंतर येते साहेब. आधी माझ्या बहिणीच्या दारात येते," लाटाबाई म्हणाल्या. "तिचे मांडव तिथे आहेत. हे काम मला द्यायचं का, ते तुम्ही ठरवा."

संचालकांनी थोडा विचार केला. "गणित तुम्ही करा. पाण्याची आणि गाळाची तपासणी रसायन विभाग करेल. दोघांनी एकमेकांचे आकडे शेवटपर्यंत बघायचे नाहीत. जुळले तर बोलू."

रसायन विभागातून जी बाई आली तिला सगळे मोजणीवाली म्हणत. उंच, तुटक बोलणारी. कामाशिवाय एक शब्द वाया घालवायची नाही. ती गमबूट घालून रोज होडीनं खाडीत जायची आणि लांब नळ्या खुपसून तळाचा गाळ वर काढायची.

इकडे लाटाबाईंनी पडद्यावर नदीचे तुकडे केले. बांधापासून थेट समुद्रापर्यंत चौकटी आखल्या. भाऊजींना फोनवर त्यांनी ते असं समजावलं होतं, "एकेक चौकट म्हणजे एकेक घर समजा. वरच्या घरातून किती पाणी आलं, त्यात माती किती, मातीला विष किती चिकटलंय, त्यातलं आपल्या घरात खाली किती बसलं आणि उरलेलं खालच्या घरी किती गेलं. प्रत्येक घरानं एवढंच बघायचं."

"म्हणजे शेजारणींच्या चौकशाच की," भाऊजी म्हणाले.

"अगदी तशाच. फक्त घरं हजारो आहेत आणि कुणी एक क्षण गप्प बसत नाही."

नदीपर्यंत गणित सुरळीत चाललं. खाडीपाशी ते अवघड झालं, कारण तिथे भरतीचं पाणी उलटं वर चढतं आणि गोडं पाणी खाऱ्याला भेटतं. गोड्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांपासून अंतर राखून तरंगत जातात. खारं पाणी लागलं की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, पुंजके जड होऊन खाली बसतात. कुठे बसतात, ते पाणी कुठे दमतं त्यावर अवलंबून. समुद्राकडच्या बाजूला लाटा त्यांना बसू देत नाहीत. खाडीच्या मधल्या पात्रात ओहोटी त्यांना ओढून नेते. पण जिथे लाट पोचत नाही आणि ओढही नाही, अशी एखादी निवांत जागा असली की सगळं तिथे येऊन विसावतं.

अशी जागा कुठली, ते लाटाबाईंना गणित पुरं होण्याआधीच कळून चुकलं.

पडद्यावर जास्त विष म्हणजे लाल रंग. बाकीची खाडी आधी पिवळी झाली, मग हिरवी, मग निळी होत गेली. कोपर लाल झालं आणि लालच राहिलं. त्यांनी वारा बदलून पाहिला. भरतीचा जोर बदलला, कणांचा आकार बदलला. एकदा तर आकडे इतके ताणले की नदी उलटी डोंगर चढायची तेवढी बाकी राहिली होती. कोपर लालच. तेव्हा त्यांनी हात टेकले आणि खरे आकडे पुन्हा जागेवर ठेवले.

ठरल्या दिवशी मोजणीवाली तिचे कागद घेऊन आली. संचालकांच्या टेबलावर दोन नकाशे शेजारीशेजारी ठेवले गेले, एक गणिताचा, एक चिखलाचा. कुणालाही समजावून सांगायची गरज पडली नाही.

"जुळलं," मोजणीवाली म्हणाली. मग तिनं लाटाबाईंकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला. "आनंद व्हायला हवा तुम्हाला."

"झालाय ना," लाटाबाई म्हणाल्या आणि उठून खिडकीपाशी गेल्या. आनंद खरंच झाला होता. खाडीवरच्या बाकी सगळ्या घरांचं काम काही महिन्यांत पुन्हा सुरू होऊ शकणार होतं. सगळ्यांसाठी बंद ठेवायची गरजच नव्हती. फक्त एक कोपर.

"सभा घ्यावी लागेल," संचालक म्हणाले. "मी सांगेन लोकांना. तुम्ही आला नाहीत तरी चालेल."

"सभेत तुम्ही सांगा," लाटाबाई म्हणाल्या. "ताईला मी सांगते."

त्या गेल्या तेव्हा ताई मागच्या अंगणात दगडावर बसून जुने दोर घासत होती. मांडव बंद होते, तरी तिचे हात बंद नव्हते. धाकटीला अचानक आलेली बघून तिचा चेहरा उजळला. "अगं, कळवायचं तरी. काही केलंही नाही खायला."

"ताई, बस जरा. मला बोलायचंय."

"बसलेलीच आहे मी. तू बस."

लाटाबाईंनी बसून सगळं सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, कारण घेतली असती तर बोलताच आलं नसतं. ताई दोर घासत ऐकत होती. मग घासणं थांबलं.

"बाकीच्यांचं सुरू होणार?"

"हो. दोन-तीन महिन्यांत."

"आणि आपलं?"

"कोपरातला गाळ उपसावा लागेल. त्याला वर्ष तरी लागेल. नंतरही काही वर्षं तिथे खाण्याचं काही वाढवता येणार नाही. शिंपले पाणी गाळून जगतात, ताई. पाण्यात असेल ते सगळं त्यांच्यात उतरतं."

"शिंपले कसे जगतात ते मला तू सांगतेस?"

लाटाबाईंनी खाली पडलेला एक दोर उचलून गुंडाळीवर ठेवला.

"एवढी मोठी खाडी," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "एवढ्या तुझ्या हजारो चौकटी. त्यातली नेमकी माझीच सापडली तुला?"

"मी शोधली नाही गं. गाळानं शोधली."

"गाळाला जीभ नाही. सांगायला तू आलीस." ताईनं दोरांची गुंडाळी उचलली आणि आत गेली. दार लोटलं नाही, आपटलं नाही. ते उघडंच राहिलं, आणि त्या उघड्या दारातून आत जायचं धाडस लाटाबाईंना झालं नाही. भाऊजी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आले. नेहमी चेष्टा करणारे भाऊजी त्या दिवशी एवढंच म्हणाले, "तू आलीस ते बरं केलंस. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर ती मोडली असती."

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. बाकांवर मोठी माणसं अंग चोरून बसली होती. संचालकांनी नकाशा लावला आणि जपून, शब्द तोलून सांगितलं. कुणाचाच विश्वास बसेना. आधी सगळं बंद म्हणालात, आता कोपर सोडून सगळं उघडायचं म्हणता, उद्या काय म्हणाल? मासळीचा लिलाव करणारा एक दांडगा माणूस उभा राहिला. कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते दाखवता येतं, असं तो म्हणाला.

"ते खरं आहे," मागे बसलेल्या लाटाबाई उठून म्हणाल्या. "म्हणून आम्ही खाडीचा चिखलही काढून बघितला. तो बाहेरच्या टेबलावर ठेवलाय आणि मोजायचं यंत्रही आहे. कुणीही यावं आणि आपल्या दारासमोरचा चिखल मोजून बघावा."

"बाई, एक विचारतो," लिलाववाला म्हणाला. "कोपरात मांडव तुमच्या बहिणीचे ना?"

"हो."

लिलाववाला खाली बसला. त्याच्या शेजारची म्हातारी, जिचं ताईशी जागेवरून कित्येक वर्षं वाकडं होतं, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सख्ख्या बहिणीचं दार बंद करून ही आपल्याला थापा कशाला मारेल?" त्यानंतर प्रश्न आले ते तारखांचे आणि होड्यांचे. ताई सभेला आली नव्हती.

दोन महिन्यांनी खाडी उघडली. मोजणीवालीनं प्रत्येक घाटावर उभं राहून मासे तपासले आणि विकायला सोडले. बाजार हळूहळू भरू लागला. ताईचा फोन मात्र येईना. लाटाबाईंनी केला की भाऊजी उचलायचे. "आहे, बरी आहे, बाहेर गेलीय," असं सांगायचे आणि मागून ताईचा भांडी लावल्याचा आवाज यायचा.

लाटाबाईंचं जेवणावरून लक्ष उडालं. एकदा नवरा म्हणाला, "तुझ्या गणितानं कुठे गाळ बसतो ते सांगितलं. कुठे बसत नाही ते नाही का सांगत?"

त्याला वाटलं आपण आपलं काहीतरी बोललो. लाटाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो घाबरलाच. "काय झालं?"

"काही नाही. तू चष्मे विकत जाऊ नकोस, आमच्याकडे ये."

गाळ बसत नाही तिथे लाटा असतात. आणि लाटा असतात तिथे मांडव टिकत नाहीत, म्हणून तिकडे कधी कुणी शिंपले लावले नव्हते. पण दांड्याच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, पाण्याखाली खडकांची एक रांग होती. लाट तिथे एकदा मोडते आणि अर्धी होऊन पुढे येते. त्या खडकांमागे अशी एखादी पट्टी असेल का, जिथे लाट गाळाला बसू देणार नाही इतकी जागी आहे आणि मांडव मोडणार नाही इतकी थकलेली? नदीचं गणित त्यांना नवं होतं. हे तर त्यांचं जुनंच काम होतं.

कॉम्प्युटरनं पट्टी दाखवली. अरुंद होती, पण होती. तरी लाटाबाईंचं समाधान होईना. ताईचे खांब कुणाच्या भरवशावर रोवायचे, तर निदान आपल्या डोळ्यांनी बघून. त्या खाली शेडमध्ये गेल्या.

"मिस्त्री, एक किनारा करायचाय."

"कुणाचं बंदर?"

"बंदर नाही. माझ्या ताईचे शिंपले."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी किनारा मागितला नव्हता. पुढचे काही आठवडे ते शेडमध्ये रमले. खडकांची रांग त्यांनी एकेक दगड निवडून लावली, दांडा वाळूचा केला, मांडव काड्यांचे केले आणि काड्यांना सुतळीचे दोर बांधले. संचालक एकदा येऊन बघून गेले. हे काम कुठल्या खात्यात बसवायचं, याचा विचार करत ते बराच वेळ उभे राहिले. शेवटी म्हणाले, "गाळामुळे ज्यांचं नुकसान झालं त्यांचं पुनर्वसन, असं लिहितो. खोटं नाही ना ते?"

"अजिबात नाही, साहेब."

ताईला आणायचं काम भाऊजींनी केलं. डोळ्यांना नवा चष्मा हवाय, एवढंच सांगून त्यांनी तिला शहरात आणलं. दुकानात चष्मा झाला आणि तिथून ते तिला थेट शेडमध्ये घेऊन आले. लाटाबाईंना बघून ताई दारातच थांबली.

"हा चष्मा यासाठी होता होय?" ती नवऱ्याला म्हणाली.

"चष्मा खराच आहे. घालून बघ तरी."

ताईनं हौदाकडे पाहिलं. दांडा, खडक, खाडीचं वळण, सगळं गुडघ्याएवढं आणि ओळखीचं. ती काठाकाठानं चालू लागली. आपलं घर जिथे असेल तिथे थांबली. मिस्त्रींनी तिथे विटेचा एक तुकडा ठेवला होता. मग तिनं वाकून हौदात हात बुडवला आणि बोट जिभेला लावलं.

"अळणी आहे गं तुझा समुद्र."

कितीतरी महिन्यांनी ताई धाकटीशी बोलली होती. लाटाबाईंना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. "हो. मीठ आम्ही गणितात घालतो."

मिस्त्रींनी मोटर लावली. फळी डोलू लागली, लाटा निघाल्या, खडकांवर मोडल्या आणि दमून मांडवांखालून गेल्या. काड्या हलल्या, उभ्या राहिल्या. मग मिस्त्रींनी वादळाची लाट सोडली. कडेच्या दोन ओळी मोडून तरंगत आल्या. मधल्या टिकल्या.

"या दोन गेल्या," ताई म्हणाली.

"जातील," लाटाबाई म्हणाल्या. "मोठ्या वादळात कडेचं जाईल. ते तुला आत्ताच सांगते. कोपरासारखी सुरक्षित जागा ती नाही. पण तिथे गाळ बसणार नाही, आणि मधलं टिकेल."

ताई नव्या चष्म्यातून बराच वेळ बघत राहिली. "भरतीला मी तिथे होडी घेऊन पोचणार कशी? दांड्याला वळसा घालायचा तर पाण्याच्या उलट जावं लागेल. हात तुटतील यांचे." यांचे म्हणजे भाऊजींचे.

लाटाबाईंनी हा विचार केला नव्हता. ताई, लाटाबाई आणि मिस्त्री, तिघंही हौदाभोवती वाकली. मांडव खाडीच्या तोंडाकडे सरकवला तर होडीला सोपं होत होतं, पण लाट वाढत होती. मिस्त्री काड्या उपटायचे, पुन्हा रोवायचे, ताई "अजून इकडे" म्हणायची, लाटाबाई वर जाऊन आकडे बघून यायच्या. मोजणीवाली काही कामानं आली होती, तीही बाही सरसावून उभी राहिली आणि पहिल्या तपासणीसाठी शिंपले कधी मिळतील ते विचारू लागली. शेवटी एक जागा ठरली. लाट थोडी जास्त, वाट थोडी कमी. ताई म्हणाली, "चालेल. हातांचं आम्ही बघून घेऊ."

जाताना ती लाटाबाईंजवळ थांबली. "रागावले होते मी."

"माहितीय."

"अजून थोडी आहे."

"असू दे," लाटाबाई म्हणाल्या.

कोपरातला गाळ उपसायला सुरुवात झाली. कोपराच्या तोंडावर पाण्यात पडदा बांधला, म्हणजे ढवळलेला गाळ बाहेर जाऊ नये. भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळातच यंत्र चालायचं. ती वेळ लाटाबाईंचं गणित ठरवायचं. उपसलेला चिखल बंद पिंपांतून पुन्हा डोंगरात गेला. तिथे त्याच्यासाठी पक्क्या भिंतींची खोल जागा केली होती. काम कूर्मगतीनं चाललं, मध्ये दोनदा बंदही पडलं. पण प्रत्येक तपासणीत आकडा खाली येत होता.

बाहेरच्या बाजूला ताईचे नवे खांब रोवले गेले. पहिल्याच हंगामात वादळ आलं. लाटाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं पोचल्या. भाऊजी काठावर उभे होते. कडेच्या ओळी गेल्या होत्या. हौदात दोन गेल्या होत्या, इथे तीन. मधले मांडव मान खाली घालून, शेवाळात लडबडलेले, पण उभे होते. ताई होडीत बसून तुटलेले वासे गोळा करत होती. धाकटीला बघून तिनं हाक मारली, "उभी काय राहिलीस? ये, दोर धर."

त्या वर्षाच्या शेवटी मोजणीवालीनं नव्या मांडवांतले शिंपले तपासले. तिनं यंत्र दोनदा लावलं, आकडा पाहिला आणि त्यातलेच चार शिंपले पिशवीत घातले. "हे कशाला?" भाऊजींनी विचारलं. "घरी," ती म्हणाली. तिच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र मिळणं शक्य नव्हतं. बाजारात पहिल्या दिवशी लोक बिचकले. मग वाकडं असलेल्या त्या शेजारच्या म्हातारीनं सगळ्यांसमोर एक परडी उचलली, आणि परड्या संपल्या.

कोपर अजून बंदच आहे. पाटी आहे, दोरी आहे. बगळे तेवढे बिनधास्त जातात. आणखी काही वर्षं लागतील, असं लाटाबाई सांगतात, आणि नक्की किती असं कुणी विचारलं तर "मोजून सांगते" म्हणतात. डोंगरातल्या अशाच दुसऱ्या एका जुन्या तळ्याचा बांध तपासायला आता माणसं जाऊ लागली आहेत. तिथून खाली येणाऱ्या नदीच्या चौकटी त्या आधीच आखून ठेवतायत.

परवा त्या ताईकडे गेल्या तेव्हा होडीत बसून दोघी जुनं शेवाळ खरवडत होत्या. ताईनं खडकांच्या दिशेनं हात केला. "त्या बाजूला अजून एक रांग लावली तर?"

"मोडेल."

"हौदात लावून बघितलीस?"

"नाही."

"मग मोडेल कशावरून?" ताई म्हणाली. "मिस्त्रींना सांग, पुढच्या आठवड्यात मी येतेय. आणि ती गाठ अशी मारतात? सोड, दे इकडे."